पहिल्यांदाच क्रूझवर जाताय? मग डॉक्टरांपासून काही लपवू नका

"डॉक्टर, मुलानं क्रूझचं बुकिंग केलंय. जाऊ ना आम्ही?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न दवाखान्यात वरचेवर येऊ लागला आहे. पूर्वी असं चारधामबद्दल विचारलं जायचं. आता मुलगा न्यू जर्सीत नाहीतर मुलगी डॅलसला असते, आई-बाबा सहा महिने तिकडे राहायला जातात, आणि मुलं हौसेनं फ्लोरिडातून सुटणाऱ्या सात रात्रींच्या सफरीची तिकिटं त्यांच्या हातात ठेवतात. ज्यांना एवढं लांब जायचं नसतं ते सिंगापूरहून तीन-चार रात्रींची सफर करतात, किंवा सरळ मुंबईहून गोव्याची.

विचारणाऱ्यांचे साधारण दोन गट असतात. एका गटाला २०२० सालच्या बातम्या आठवत असतात. त्यांच्या मते क्रूझ म्हणजे पाण्यावर तरंगणारा साथीचा वॉर्ड. दुसरा गट एकदम निश्चिंत असतो: "एवढं मोठं जहाज आहे, त्यावर हॉस्पिटल आहे, डॉक्टर आहेत, काळजी कसली?" मला पहिल्या गटापेक्षा या दुसऱ्या गटाची जास्त काळजी वाटते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जरूर जा. गुडघे कुरकुरणाऱ्या, तासा-दोन तासांनी लघवीला जावं लागणाऱ्या साठी-सत्तरीच्या माणसासाठी ही फार सोयीची सुट्टी आहे. बॅग एकदाच उघडायची, रोज नवं हॉटेल नाही, आठ-आठ तास बसमध्ये बसणं नाही, स्वच्छतागृह कायम जवळ, सगळीकडे लिफ्ट. युरोपच्या 'बारा दिवसांत नऊ देश' छाप सहलींपेक्षा मी माझ्या ज्येष्ठ पेशंटना क्रूझच सुचवेन. माझी तक्रार जहाजाबद्दल नाहीच. ती आपल्या एका सवयीबद्दल आहे. आपण आजार लपवतो. विम्याच्या फॉर्मवर लपवतो, जहाजावर चढताना लपवतो आणि चढल्यावर पोट बिघडलं तर तेही लपवतो. जमिनीवर हे कसंबसं निभावून जातं. समुद्रात ते महागात पडतं.

दहा हजारांचं गाव, एक दवाखाना

जहाज किती मोठं असतं याचा अंदाज घेऊ. 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज जानेवारी २०२४मध्ये मायामीहून पहिल्या सफरीवर निघालं. लांबी सुमारे ३६५ मीटर, मजले २०. प्रत्येक खोलीत दोघं धरली तर ५,६०० प्रवासी, आणि सगळे पलंग भरले तर ७,६००. त्यांच्या दिमतीला सुमारे २,३५० कर्मचारी. म्हणजे जवळजवळ दहा हजार माणसं. आपल्याकडे एवढ्या वस्तीचं गाव असतं, त्याला ग्रामपंचायत असते, एसटीचा थांबा असतो आणि गंभीर पेशंट असेल तर तासा-दोन तासांत जिल्ह्याच्या ठिकाणी नेणारी गाडी असते. जहाजाच्या गावाला ही गाडी नसते. सगळा फरक तिथे आहे.

मोठ्या जहाजावरचं वैद्यकीय केंद्र मात्र तुम्हाला वाटतं त्यापेक्षा चांगलं असतं. तिथले डॉक्टर तातडीच्या उपचारांत अनुभवी असतात, सोबत नर्स असतात. ईसीजी, एक्स-रे, रक्ताच्या जरुरीपुरत्या तपासण्या, ऑक्सिजन, शॉक देण्याचं यंत्र, व्हेंटिलेटर हे सहसा उपलब्ध असतं. हार्ट अटॅक आला तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शनही मिळू शकतं. पण अँजिओप्लास्टी होत नाही. कॅथलॅब नाही, ब्लड बँक नाही, न्यूरोसर्जन नाही, डायलिसिसची नेहमीची सोय नाही. थोडक्यात, तुम्हाला सांभाळून पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवणं हे त्या डॉक्टरांचं काम आहे. ते बंदर सहा तासांवर असेल किंवा दीड दिवसावर. आणि बंदर म्हणजे मोठं हॉस्पिटल असंही नाही. कॅरिबियनच्या सफरीतला एखादा थांबा कंपनीच्या खासगी बेटावर असतो. तिथे पाण्याच्या घसरगुंड्या असतात, हृदयशल्यचिकित्सक नसतो.

"हेलिकॉप्टर येतं ना?" येतं, पण त्याच्याही पल्ल्याला मर्यादा आहे. किनाऱ्यापासून खूप आत असाल तर जहाजालाच वळून किनाऱ्याकडे यावं लागतं. वादळी हवेत, हलत्या जहाजावरून माणसाला दोरीवर उचलून घेणं हा प्रकार सिनेमात दिसतो तितका सोपा नसतो. म्हणून जहाजाचा कप्तान आणि डॉक्टर दोघंही तो निर्णय फार विचार करून घेतात.

आता बिलाचं बोलू. जहाजावरचे उपचार फुकट नसतात. तपासणी, सलाईन, इंजेक्शन सगळं तुमच्या खोलीच्या खात्यावर चढतं आणि शेवटच्या दिवशी कार्डावरून वसूल होतं. तुमची इथली मेडिक्लेम पॉलिसी तिकडे सहसा चालत नाही. त्यासाठी प्रवास विमा लागतो, त्यात क्रूझचा समावेश आहे का हे वेगळं बघावं लागतं, आणि मुख्य म्हणजे आधीपासूनचे आजार त्यात नोंदवावे लागतात.

आपली गाडी घसरते ती इथेच. माझ्या एका पेशंटचं उदाहरण देतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय एकाहत्तर, चार महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. मुलानं परदेशातून विमा काढताना 'हृदयविकार आहे का' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं, कारण 'हो' लिहिलं की हप्ता वाढत होता. मग माझ्याकडून प्रवासासाठी 'फिट' असल्याचं प्रमाणपत्र हवं होतं, तेही अँजिओप्लास्टीचा उल्लेख टाळून. मी दिलं नाही. घरचे नाराज झाले. "तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत हो डॉक्टर," हे वाक्य मी तीनदा ऐकलं. शेवटी आम्ही टूडी एको केला, ट्रेडमिलवर चालवून बघितलं, सगळं ठीक निघालं, आजार खरा लिहून विमा नव्यानं काढला आणि काका-काकू मजेत जाऊन आले. हप्त्यात जो फरक पडला तो त्यांनी जहाजावर काढलेल्या फोटोंच्या पैशांपेक्षा कमी होता. उलट झालं असतं तर? छातीत दुखून त्यांना मायामीच्या हॉस्पिटलात नेलं असतं, तिथे छातीतला स्टेंट एक्स-रेवर दिसला असता आणि विमा कंपनीनं हात वर केले असते. अमेरिकेतल्या हृदयाच्या उपचाराचं बिल खिशातून भरायला घर विकावं लागतं, हे तिकडे राहणाऱ्या मुलांना मी सांगायची गरज नाही. तरीही तो 'नाही' मुलांच्याच हातून लिहिला जातो.

आणखी एक लक्षात ठेवा. बऱ्याच पॉलिसींमध्ये जुना आजार नोंदवल्यावरही फक्त जीवावर बेतलेल्या प्रसंगीच पैसे मिळतात. ती बारीक अक्षरं पैसे भरण्याआधी वाचा.

पोट बिघडलं तर

क्रूझ म्हटलं की जुलाब-उलट्यांच्या बातम्या येतात. त्यामागचा मुख्य खलनायक नोरोव्हायरस. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत १९६८मध्ये मुलांना उलट्यांची साथ आली, त्यावरून या विषाणूला नाव मिळालं. म्हणजे पत्ता शाळेचा आहे, जहाजाचा नाही! आजही अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी जहाजांवरच्या साथी सुमारे १ टक्काच असतात. बाकीच्या वृद्धाश्रमांत, हॉस्पिटलांत, शाळांत आणि हॉटेलांत होतात. मग जहाजाचंच नाव का होतं? कारण जहाजावर मोजणी होते. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या मोठ्या जहाजांना पोट बिघडलेल्या प्रत्येक प्रवाशाची आणि कर्मचाऱ्याची नोंद ठेवावी लागते, आणि हा आकडा ३ टक्क्यांवर गेला की तिथली सीडीसी ही सरकारी संस्था जहाजाचं नाव जाहीर करते. त्यांचे तपासनीस न कळवता जहाजावर येतात, स्वयंपाकघरापासून तरणतलावापर्यंत सगळं बघतात आणि १००पैकी गुण देतात. ८५ किंवा त्याखाली मिळाले तर नापास. हे गुण कुणालाही बघता येतात. आपल्याकडच्या लग्नांच्या पंगतींचे असे गुण जाहीर झाले तर काय होईल, हा विचार मनात येऊन जातोच.

हा विषाणू इतका पसरतो का, ते समजून घ्या, म्हणजे पुढचा सल्ला पटेल. एक तर आजारी पडायला त्याचे अगदी मोजके कण पुरतात. दुसरं म्हणजे तो टेबल, कठडा, लिफ्टचं बटण, बुफेतला डाव अशा ठिकाणी दिवसेंदिवस टिकतो. आणि तिसरं, जे बहुतेकांना माहीत नसतं: सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही. कोरोनाच्या विषाणूवर चरबीचं आवरण होतं. अल्कोहोलनं ते आवरण फुटायचं आणि विषाणू निकामी व्हायचा. नोरोला असं आवरणच नाही. त्यामुळे जेवणघराच्या दाराशी सॅनिटायझरचा एक फवारा घेऊन आपण निर्धास्त होतो तेव्हा प्रत्यक्षात फारसं काही झालेलं नसतं. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद चोळून, नखांच्या खालपर्यंत. साबणानंही तो मरतो असं नाही, पण हातावरून सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. अनेक नव्या जहाजांवर बुफेच्या दाराशीच बेसिनं असतात. तिथे रांग असली तरी थांबा. आपण घरी जेवायला बसण्याआधी हात धुतोच, परदेशात गेल्यावर ती सवय सोडायचं कारण नाही. आणि हातानं जेवणारी माणसं आपण, म्हणजे आपल्याला तर ते दुप्पट गरजेचं.

लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो. मळमळ, अचानक उलट्या, पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा, कधी थोडा ताप. धडधाकट माणूस एक ते तीन दिवसांत बरा होतो. प्रतिजैविकाचा काही उपयोग नसतो, कारण हा विषाणू आहे. तरी आपल्या बॅगेत 'जुलाबाची स्ट्राँग गोळी' म्हणून ती असतेच आणि शेजारच्या खोलीतल्या जोशीकाकूंनाही दिली जाते. ते करू नका. उपचार म्हणजे पाणी आणि क्षार. ओआरएसची सहा-आठ पाकिटं घरूनच न्या. पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला असल्याचं लिहिलेलं पाहून घ्या. टेट्रापॅकमधलं गोड सरबत म्हणजे ओआरएस नव्हे, मधुमेहींसाठी तर नाहीच.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. जुलाब सुरू झाले की पहिल्या तासात वैद्यकीय केंद्राला फोन करा. खोलीतून बाहेर पडू नका, फोन करा. लोक करत नाहीत. कारण त्यांना माहीत असतं की कळवलं तर एक-दोन दिवस खोलीतच थांबायला सांगतील. सात रात्रींतले दोन दिवस गेले, पैसे वाया गेले, असा हिशोब होतो. मग गुपचूप जुलाब थांबवणारी गोळी घ्यायची, नाश्त्याला बुफेत जायचं, डाव हातात धरायचा आणि तो पुढच्या माणसाला द्यायचा.

माझ्या एका पेशंट बाईंनी हेच केलं. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेल्या. जुलाब लपवले, पाणी कमी प्यायल्या कारण "बाहेर फिरताना बाथरूम कुठे शोधणार", आणि रोजच्या सगळ्या गोळ्या मात्र नेमानं घेत राहिल्या, त्यात लघवी वाढवणारी गोळीही. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडल्या. परत आल्यावर तपासलं तेव्हा क्रिएटिनिन दुपटीच्या जवळ गेलं होतं. मूत्रपिंडं सावरायला पाच आठवडे लागले. नशीब की सावरली.

यातून तुमच्या कामाची गोष्ट अशी की उलट्या-जुलाब चालू असताना काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागू शकतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, मधुमेहातली मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन या त्यातल्या काही. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनानं पूर्ण बंद करायचं नसतं. यातलं तुमच्यासाठी काय लागू आहे हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

लपवण्याची किंमत फक्त तुम्हीच मोजता असंही नाही. तुमची खोली आवरणारा, तुमच्या ताटाखालचं टेबल पुसणारा मुलगा कुठला असतो, बघितलंय? अनेकदा गोव्याचा, वसईचा, कोकणातला. गोव्यात तर पिढ्यान्पिढ्या जहाजावर नोकरी करणारी घरं आहेत. हे लोक महिनोन्महिने सलग काम करतात, खालच्या मजल्यावरच्या छोट्या खोल्या वाटून घेतात, एकाच मेसमध्ये जेवतात. फेब्रुवारी २०२०मध्ये 'डायमंड प्रिन्सेस' जहाज जपानच्या योकोहामा बंदरात अडकलं तेव्हा त्यावर ३,७११ माणसं होती. त्यातल्या ७१२ जणांना कोरोनाची लागण झाली. जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यातले १३२ कर्मचारी होते. प्रवाशांना खोल्यांत बसवलं गेलं. त्यांच्या दारात जेवणाची ताटं पोहोचवायला कर्मचारी फिरतच होते आणि रात्री त्याच वाटून घेतलेल्या खोल्यांत झोपत होते. तुम्ही लपवलेल्या उलटीची फरशी जो पुसतो, तो यांच्यापैकीच एक असतो. त्याला घरी पैसे पाठवायचे असतात. आजारी पडून चालत नाही.

म्हणून कळवा. दोन दिवस खोलीत बसावं लागेल, खिडकीतून समुद्र बघता येईल. बरं वाटल्यावरही निदान दोन दिवस हस्तांदोलन, बुफे आणि तरणतलाव टाळा, कारण विषाणू शौचातून नंतरही काही दिवस बाहेर पडत राहतो.

बोट लागणे आणि इतर

कोकणातल्या जुन्या माणसांना 'बोट लागणे' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी नाजूक यंत्रणा असते. ती मेंदूला सांगते की आपण हलतोय. बंद खोलीत डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. या दोन निरोपांचा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. एवढ्या मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे डोलणं खूप कमी होतं आणि बहुतेकांना काही होत नाही. एसटीत घाट लागला की ज्यांना त्रास होतो त्यांनी खोली खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी घ्यावी. झोपाळ्याच्या टोकापेक्षा मध्य कमी हलतो, तसंच हे. त्रास वाटला की डेकवर येऊन क्षितिजाकडे बघा. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी उलटी सुरू होण्याआधी घ्यायची असते, नंतर नाही. पण प्रोस्टेटचा त्रास, काचबिंदू किंवा विसरभोळेपणा असलेल्या ज्येष्ठांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नये. लघवी अडकू शकते, गुंगी येऊन पडायला होतं. परत आल्यावर दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटली तर घाबरू नका. महिनाभर वाटत राहिली तर दाखवा.

जेवणाचं काय सांगू? चोवीस तास काही ना काही खायला मिळतं, आणि 'पैसे भरलेत ना' हे आपलं ठरलेलं कारण. साखरेपेक्षाही मला मिठाची धास्ती वाटते. सूप, सॉस, चीज, लोणची, तळलेलं, सगळ्यात भरपूर मीठ. ज्यांचं हृदय कमजोर आहे त्यांच्या पायावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज येते, रात्री आडवं झाल्यावर दम लागतो. असं झालं तर सफर संपायची वाट बघू नका. दारूचं पॅकेज घेणाऱ्यांसाठी एक जुना शब्द सांगतो: 'हॉलिडे हार्ट सिंड्रोम'. सुट्टीत एकदम जास्त प्यायल्यावर चांगल्या हृदयाचेही ठोके अनियमित होतात, असं डॉक्टरांनी १९७८मध्येच नोंदवून ठेवलं आहे.

मधुमेहींनो, भारत आणि फ्लोरिडात साडेनऊ ते साडेदहा तासांचा फरक आहे. इन्सुलिनचं वेळापत्रक विमानात बसण्याआधी लिहून घ्या. मोठ्या जहाजावर दिवसाला सहज आठ-दहा हजार पावलं पडतात. त्यामुळे ग्लिमिपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर उतरू शकते. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा.

औषधांची यादी मूळ नावांनी लिहा, ब्रँडच्या नावांनी नको. 'ग्लायकोमेट जीपी' किंवा 'इकोस्प्रिन एव्ही' तुमच्या गल्लीतल्या केमिस्टला कळेल, पण जहाजावरच्या दक्षिण आफ्रिकेच्या किंवा फिलिपिन्सच्या डॉक्टरला नाही. मेटफॉर्मिन, ग्लिमिपिराइड, अ‍ॅस्पिरिन, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन असं लिहिलं की जगात कुठेही कळतं. सोबत शेवटचा ईसीजी ठेवा, अगदी नॉर्मल असला तरी. छातीत दुखलं तर 'हा बदल नवा की जुना' हे त्या डॉक्टरला त्या एका कागदावरून कळतं. सगळी औषधं हातातल्या पिशवीत, आणि आठवड्याभराची जास्तीची. मोठ्या बॅगा धक्क्यावर जमा करून घेतात आणि त्या खोलीत यायला संध्याकाळ होते. बंदरावर उतरताना त्या दिवसाच्या गोळ्या जवळ ठेवा. परत यायला उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

देशोदेशीचे कायदेही बघा. सिंगापुरात तंबाखू, गुटखा चघळण्याचे पदार्थ नेता येत नाहीत. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि काही झोपेच्या गोळ्यांना आधी परवानगी लागते. दुबईहून सफर असेल तर खसखस लावलेले अनारसे घरीच ठेवा, तिथे खसखशीला बंदी आहे. आणि पनामा, कोलंबियासारखे थांबे असतील तर भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र मागतात. ती लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि साठीनंतर ती घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावंच लागतं. फ्लूची लस मात्र सगळ्या ज्येष्ठांनी दोन आठवडे आधी घ्या.

घरात गर्भवती सून किंवा लेक असेल तर बुकिंगआधीच नियम वाचा. सफर संपेपर्यंत २४ आठवडे पूर्ण होत असतील तर बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळालाही सहसा घेत नाहीत. लहान नातवंडं तरणतलावाजवळ असतील तेव्हा एका मोठ्यानं फोन खिशात ठेवून फक्त त्यांच्याकडे बघायचं. जीवरक्षक सगळ्याच जहाजांवर नसतात.

जहाज सुटण्याआधी आणीबाणीचा सराव असतो. तो कंटाळा करून टाळू नका. २०१२च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडलं, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर सुटण्याआधी किंवा सुटताच सराव बंधनकारक झाला. १७ जुलै १९४७ची 'रामदास' बोट ज्यांच्या घरात आठवणीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. आजी-आजोबांनी तेव्हाच आपल्या खोलीपासून जमण्याच्या जागेपर्यंत जिन्यानं एकदा चालून बघावं, कारण आणीबाणीत लिफ्ट बंद असते. बाथरूमचा उंबरठा उंच असतो. रात्री उठताना तिथेच अडखळायला होतं, एक छोटा दिवा चालू ठेवा. सीपॅप मशीन वापरत असाल तर कंपनीला आधी कळवा. घरून नेलेली चहाची इलेक्ट्रिक किटली मात्र सुरक्षा तपासणीतच काढून घेतील.

ज्यांना अजून ठरवायचं आहे त्यांना माझा सल्ला असा की पहिली सफर तीन-चार रात्रींचीच घ्या, किनाऱ्याच्या जवळून जाणारी. जमतंय का, झोप लागते का, पाय सुजतात का, ते कळेल. सात रात्रींचं अवाढव्य जहाज पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. दोन जिने न थांबता चढताना दम लागत असेल, गेल्या काही महिन्यांत हार्ट अटॅक, पॅरालिसिसचा झटका किंवा मोठं ऑपरेशन झालं असेल, आठवड्याला डायलिसिस चालू असेल, तर आधी तपासणी, मग बुकिंग. हा क्रम मुलांनाही सांगा. प्रेमानं तिकीट काढून मग डॉक्टरांना 'फक्त सही' मागू नये.

परत आल्यावर दोन आठवड्यांच्या आत ताप, खोकला, धाप सुरू झाली तर ते 'हवापालटाचं' म्हणून सोडू नका. गरम पाण्याच्या टबांतून आणि शॉवरच्या तुषारांतून क्वचित लिजिओनेला नावाच्या जिवाणूचा न्यूमोनिया होतो. त्याला अमॉक्सिसिलिनसारखी नेहमीची औषधं लागू पडत नाहीत आणि त्याची लघवीची तपासणी मुद्दाम सांगून करावी लागते. तुमच्या डॉक्टरच्या मनात ती शंका यावी म्हणून केबिनमध्ये शिरल्या शिरल्या सांगा, "आम्ही क्रूझवरून येऊन दहा दिवस झालेत."